चार दिवसांची हजेरी

बीड, ६ डिसेंबर २०२४

आक्का,

माझं अक्षर ओळखलंस तर तू पाकीट न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता मनिषाकडून लिहून घेतला. मनिषा म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण. ही फसवणूकच झाली. एवढी एक माफ कर.

मायनं सांगितलं की तुमची ऊसतोडीची टोळी यंदा कोल्हापूरकडे आहे आणि तळाजवळच्या किराणा दुकानावर टपाल येतं. फोन तू दोन वर्षं उचललेला नाहीस. दाजी उचलतात, "हाय, बरी हाय" म्हणतात आणि ठेवतात. पत्राला तसं ठेवून देता येत नाही. निदान मला इथे बसून ते कळणार तरी नाही.

मी कुठे आहे हे तुला मायकडून कळलंच असेल. बीएचा निकाल लागला आणि जुलैत इथे आले. कपिलधारच्या रस्त्याला ही संस्था आहे, कीर्तन आणि संतसाहित्य शिकवते. बीएनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सतरा विद्यार्थी, त्यात मुली दोनच, मी आणि मनिषा. आमच्या आधी इथे मुलगी कधी नव्हती. आप्पा दिंद्रुडच्या बाजारात सांगत फिरतात म्हणे, "लोकांच्या पोरी मास्तरीण व्हायल्या, आमची बुवा व्हायला गेली." रागाने म्हणतात की कौतुकाने, ते मायलाही कळत नाही.

मला इथे फार आवडतं, आक्का. सोमेश्वर गुरुजी एकेक ओळ अशी उलगडतात की बाहेरचं सगळं ऐकू येईनासं होतं. वय सत्तरच्या पुढे, पण शब्दाचा अर्थ चुकला तर लहान मुलासारखे अस्वस्थ होतात. मला वाटतं, माणसं शब्दांनी बदलतात. तू हसशील. हस.

सोमवारी फळ्यावर एक कागद लागला. इथे शंभरातले वीस गुण हजेरीचे असतात, आणि पंच्याऐंशी टक्के हजेरी नसेल तर वार्षिक परीक्षेलाच बसू देत नाहीत. परीक्षेत ज्यांना 'अ' श्रेणी मिळते त्यांना संस्था स्वतःच्या नावाने गावोगाव कीर्तनाला पाठवते. मला तेच हवंय. पहिलं कीर्तन आपल्या गावात करायचं, आप्पांसमोर. वर्षाचे दोनशे दिवस पाठ होतो, म्हणजे तीस खाडे चालतात. नोव्हेंबर संपला तेव्हाच माझे पंचवीस झालेत. मनिषाचे अठ्ठावीस.

आळशी म्हणू नकोस. त्यातले पाच दिवस मी तापाने पडले होते. उरलेले वीस त्या दिवसांचे आहेत, महिन्याला चार. पाठ देवळाच्या सभामंडपात होतो आणि त्या दिवसांत आम्ही मंडपात जायचं नाही. जायचं नाही म्हणजे गैरहजर. नियम केले तेव्हा इथे मुलगेच होते, त्यामुळे कोणाच्या डोक्यात हे आलंच नसावं.

मार्चअखेर आणखी सोळा दिवस जाणार आणि माझ्याकडे शिल्लक पाच. पण काळजी नको, मी उपाय काढलाय. काय ते सांगत नाही.

माझी तब्येत छान आहे. पोरींचा माझ्याकडून गालगुच्चा घे.

मोहिनी

●

२० डिसेंबर २०२४

आक्का,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. तब्येत छान नव्हती आणि उपायही उपाय नव्हता. बसस्थानकाजवळच्या दुकानातून मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. "घरात लग्नकार्य आहे" म्हणाले. दुकानदाराने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दत्तजयंतीनंतर संस्था चार दिवस बंद असते. त्या सुट्टीत चारही दिवस बसवायचे, असा माझा हिशेब होता. बसले. डिसेंबरात माझा एकही खाडा नाही.

पण दहा दिवस डोकं फुटायचं तेवढं बाकी राहिलं होतं, अन्न समोर आलं की मळमळायचं. नंतर सुट्टीत इतकं जास्त गेलं की दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. मनिषा गावी गेलेली. मला उचललं ते छबुबाईंनी. त्या इथल्या स्वयंपाकीण. उशाखालची गोळ्यांची पट्टी त्यांच्या हाताला लागली.

"हे काय हाय?"

"डोकेदुखीच्या आहेत."

"मला अंगठेबहाद्दर समजतीस व्हय? माज्या सुनंनं खाल्ल्यात ह्या, गौरी बसवायच्या टायमाला. कावून खाल्ल्यास तू?"

"हजेरीसाठी."

छबुबाईंनी पट्टी मुठीत आवळली. म्हणाल्या, "एवढं शिकून तुमी बी तेच का गं?"

मला रिक्षात घालून त्यांनीच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त कमी आहे म्हणाल्या, आणि दर महिन्याला असं करायचं नाही म्हणून बजावलं. आता मी बरी आहे. हे खरं लिहितेय.

छबुबाईंच्या त्या प्रश्नापासून मला तू दिसतेस. दवाखान्यातून गर्भाची पिशवी काढून आलेली दिसतेस. चोवीस वर्षांची होतीस. ओसरीत आडवी पडली होतीस, सासूबाई होत्या, शेजारच्या बाया होत्या, आणि मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला जाणारी शहाणी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "खाडा चुकवायला कोणी स्वतःचं शरीर कापून देतं का? अक्कल गहाण ठेवलीस का?" तू तोंड भिंतीकडे केलंस आणि म्हणालीस, "हिला माज्या दारातून न्या."

तळावर एक दिवस पडून राहिलं तर मुकादम काय करतो, पहाटे चारला फडात उभं राहताना त्या दिवसांत काय होतं, पाण्याची, आडोशाची काय सोय असते, यातलं मी तुला काहीच विचारलं नाही. मला ते माहीत होतं, आक्का. लहानपणी मीही तुमच्याबरोबर तळावर राहिलेय. माहीत असूनही बोलले. आणि आता मला पंखा आहे, पलंग आहे, डोक्यावर मोळी नाही, तरी नुसत्या हजेरीच्या रकान्याला भिऊन मी गोळ्या गिळल्या.

माझं चुकलं. त्याला 'पण' नाही.

गोळ्या छबुबाईंनी चुलीत टाकल्या. वार्षिक परीक्षेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मोहिनी

●

१९ जानेवारी २०२५

आक्का,

परवा मायला फोन केला. तिने सगळं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता सांगितलं, "उज्जी म्हनली, तिला म्हनाव गोळ्या बंद का नाही ते कळीव." म्हणजे तू पत्रं वाचतेस! मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. मागे रांगेत संस्थेच्या फोनसाठी थांबलेला मुलगा म्हणाला, "ताई, रडून झालं असंल तर सरका."

तर कळवते. बंद आहेत.

त्यामुळे बुधवार ते शनिवार मी खोलीत होते. चार खाडे. पंचवीस आणि चार एकोणतीस. आता एक दिवस उरला आणि अडीच महिने जायचेत. मनिषाचे बत्तीस होऊन ती डिसेंबरातच बाद झाली होती.

खोलीत बसून काय केलं सांगू? मंडपाच्या खांबावर भोंगा आहे. गुरुजींचा शब्द न् शब्द आमच्या खोलीत येतो. मी चारही दिवस सगळा पाठ वहीत उतरवला. शनिवारी रघुवीर नावाचा मंडपात बसणारा मुलगा माझीच वही मागायला आला, कारण त्याला बसल्या बसल्या झोप लागली होती. तो हजर, मी गैरहजर. ते बघून माझं डोकं फिरलं आणि मी तडक कार्यालयात गेले.

तिथे अभिमन्यू सर बसतात. हजेरीपट, श्रेण्या, आवक-जावक, सगळं त्यांच्याकडे. ते हसलेले कोणी बघितलेले नाहीत. हजेरीपट मी आधीच नीट बघून ठेवला होता. मुलांच्या नावापुढे मधूनमधून 'से.' असतं.

"सर, 'से.' म्हणजे काय?"

"सेवारत. हरिनाम सप्ताहात साथीला गेलेले विद्यार्थी."

"म्हणजे ते पाठाला नसतात."

"नसतात."

"तरी हजर धरता?"

"नियम अकरा."

"आणि मी खोलीत बसून सगळा पाठ ऐकते, लिहिते, ती गैरहजर?"

"तू मंडपात नसतेस."

"मला मंडपात येऊ देत नाहीत, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. म्हणाले, "अर्ज दे. तोंडी मी काही नोंदवत नाही."

अर्ज दिला. मनिषानेही सही केली. तिला म्हटलं, "तुला काय उपयोग? तुझं वर्ष तर गेलं." ती म्हणाली, "म्हणून तर. माझं आणखी काय जाणारे?" अर्ज तीस तारखेच्या विश्वस्तांच्या बैठकीत येणार आहे.

आणखी एक गोष्ट फक्त तुला सांगते, तू दूर आहेस म्हणून. अर्ज लिहिताना छबुबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "देवळात त्या दिवसांत बाईचं काहीच चालत नाही असं म्हणतील, तर काय बोलू?" त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "मला हितं एकोणीस वरसं झाली. नैवेद्य कोण करतं? मीच. आता माजं सारं थांबलंय, पर आदी? महिन्याचे चार दिस काय देव उपाशी ऱ्हायला का?"

त्यांनी भाकरी उलटली.

"कुनी कदी इचारलंच न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. तू बी सांगू नको बाई, माजी चूल जाईल."

हे मी बैठकीत सांगितलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. रात्रभर तेच वाक्य मनात घोळलं. पण सांगणार नाही. दुसऱ्या बाईची चूल विझवून मला माझी हजेरी नको.

तू माझ्या जागी असतीस तर काय बोलली असतीस? खरंच विचारतेय.

मोहिनी

●

३१ जानेवारी २०२५

आक्का, आक्का,

काल बैठक झाली. नीट क्रमाने सांगते.

गुरुजी, तीन विश्वस्त आणि कागदपत्रं घेऊन अभिमन्यू सर. मी आणि मनिषा दाराशी उभ्या. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण पहिल्या तीन वाक्यांत विसरले.

जाकीट घातलेले एक विश्वस्त म्हणाले, "पोरी, तुमच्या दोघींसाठी आम्ही परंपरा मोडायची का?"

मी म्हटलं, "मोडू नका. मला शिकवा, एवढंच म्हणणं आहे."

"शिकवतोच की. पण त्या दिवसांत बाईमाणसाला आराम लागतो. आमच्या घरी तर बाया त्या दिवसांत पाण्याच्या तांब्यालासुद्धा हात लावत नाहीत. आराम करावा, पुढच्या पाठाला यावं."

"आराम केला की परीक्षेला बसू देत नाही ना तुम्ही, काका."

मनिषाने मागून चिमटा काढला. दुसरे विश्वस्त हसले, पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता आणि त्यांनी तो कागद वर काढलासुद्धा.

तेवढ्यात अभिमन्यू सर म्हणाले, "या अर्जासंबंधी आवक नोंद आहे. वाचायची राहिली."

"कसली नोंद?"

"दूरध्वनी. दिनांक अठ्ठावीस, दुपारी एक वाजून दहा मिनिटं." आणि त्यांनी वही उघडली. त्यांची सवय तुला माहीत नाही. कार्यालयात आलेला प्रत्येक फोन ते शब्दाला शब्द लिहून ठेवतात, भाजीवाल्याचासुद्धा. त्यांनी त्यांच्या त्या कोरड्या आवाजात वाचलं,

"'मी मोहिनीची बहीण उज्ज्वला बोलायले, ऊसतोडीच्या तळावरून. नंबर पाकिटावर छापलेला हाय. तिच्या हजेरीचं काय झालं ते सांगा.' उत्तर दिलं, अर्ज विचाराधीन आहे, नियम आहे. 'नियम आमच्याकडं बी हाय, सर. खाडा पडला की मुकादम दंड धरतो. त्या नियमाला भिऊन आमच्या टोळीतल्या पाचजणी पिशवी काढून आल्यात. मी बी काढली. माजं वय आता सव्वीस हाय आन् कंबर साठीची. माजी बहीन मला तवा लई बोलली. मी तिचं तोंड बघितलं न्हाई. पर ती शिकायली म्हनून मला वाटायचं, एक तरी सुटली. आता ती बी तुमच्या नियमाला भिऊन गोळ्या खाऊन पडली. देवाच्या दारात शिकून बी हेच करायचं असंल, तर तिला हिकडं लावून द्या. जोडीला एक बाई कमीच हाय. कोयता मी देते.' फोन ठेवला."

आक्का, ते 'लई' आणि 'हाय'सुद्धा त्यांनी जसंच्या तसं वाचलं, एक अक्षर न बदलता. अभिमन्यू सरांच्या तोंडून तुझा आवाज! मी दाराची चौकट धरली.

जाकीटवाले विश्वस्त म्हणाले, "हे असलं बैठकीत कशाला वाचता?"

सर म्हणाले, "आलेलं नोंदवायचं आणि नोंदवलेलं बैठकीपुढे ठेवायचं. नियम चार." आणि वही मिटली.

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या घेतल्यास?" मी मान हलवली. "कुठल्या महिन्यात?" म्हटलं, डिसेंबर. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "डिसेंबरात मी तुझं कौतुक केलं होतं. एकही खाडा नाही म्हणून. सगळ्यांसमोर."

मग ते विश्वस्तांशी बोलायला लागले आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बराच वेळ आवाज चढत उतरत होते. शेवटी सर कागद घेऊन बाहेर आले. ठराव असा आहे. त्या दिवसांत विद्यार्थिनींनी मंडपाच्या दारालगतच्या ओट्यावर बसून पाठ ऐकावा. तो दिवस पूर्ण हजर धरावा. हजेरीचे गुण त्याप्रमाणे द्यावेत. ज्यांना बसणं झेपणार नाही त्यांनी खोलीत ऐकून वही दाखवावी, तेही हजर. ठराव आजपासून लागू. मागचे दिवस धरले जाणार नाहीत.

म्हणजे माझा एक दिवस उरला आहे आणि तो पुरणार आहे. मनिषाला मात्र यंदा परीक्षा नाही. मी तिच्याकडे बघायलाही घाबरत होते. ती म्हणाली, "रडू नको गं. पुढच्या वर्षी देईन. पाठाला तर कोणी अडवत नाही." पण जेवताना तिने ताट अर्धं ठेवलं.

आणि ओटा म्हणजे ओटाच, मंडप नाही. मला मंडपात बसायचंय, तेही एक दिवस मागणार आहे. छबुबाई म्हणाल्या, "एका दमात सगळा डोंगर नको खाऊ. आदी ओट्यावर तर बस."

तू मला फोन केला नाहीस. संस्थेला केलास. तरी चालेल. तुझ्या तोंडून दोन वर्षांत पहिल्यांदा माझं नाव निघालं. ते आवक वहीत तारीख-वेळेसकट आहे.

मोहिनी

●

१० फेब्रुवारी २०२५

आक्का,

आज पहिला दिवस होता.

पहाटे कळलं तेव्हा, खरं सांगते, एकदा वाटलं की उरलेला एक दिवस आजच वापरून टाकावा. ओट्यावर बसले की सगळ्या मुलांना कळणार, आज हिचा पहिला दिवस. घरात आपण मायलासुद्धा खुणेने सांगतो. आणि इथे पंधरा मुलांसमोर, देवळाच्या दारात, एकटी बसायचं. मनिषा म्हणाली, "मी येते शेजारी बसायला. मला आज काही नाही, पण त्यांना काय कळतंय?" अशी ती आली, आणि मंडपात जागा असून माझ्या शेजारी ओट्यावर बसली. फरशी गार होती. छबुबाईंनी न बोलता एक पोतं आणून टाकलं.

अभिमन्यू सर हजेरी घ्यायला लागले. माझं नाव आलं. मी "हजर" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी परत नाव घेतलं. मग मोठ्याने म्हटलं. आतून कोणीतरी खुदकन हसलं. सरांनी हसणाऱ्याचं नाव घेऊन विचारलं, "हसण्याची नोंद करू का?"

गुरुजी आले. रोज ते देवाजवळ, अगदी आतल्या बाजूला बसतात. आज त्यांनी स्वतःची घोंगडी उचलली आणि चालत चालत पार दाराच्या खांबापाशी आणून टाकली. मुलं तशीच देवाकडे तोंड करून बसलेली. गुरुजी म्हणाले, "फिरा सगळे इकडे." पंधराच्या पंधरा जण अंगावरच्या उपरण्यांसकट सरकत, एकमेकांच्या गुडघ्यांवर आपटत फिरले. आता त्यांची तोंडं आमच्याकडे होती.

पाठ झाला. शेवटी गुरुजी रोज एकाला उभं करून आदल्या पाठाचा अर्थ विचारतात. आज म्हणाले, "मोहिनी, सांग." मी उठायला लागले तर म्हणाले, "बसून सांग." आणि मुलांना म्हणाले, "पुढे सरकून ऐका. तिला ओरडायला लावू नका, पोटात दुखत असेल."

असं कोणी मोठ्याने, सगळ्यांसमोर, साधेपणाने बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तू कधी ऐकलंयस का?

मी अर्थ सांगितला. मधे एकदा अडकले, मग आठवलं. रघुवीर वहीत उतरवून घेत होता.

पोटात दुखत होतंच, आक्का. तरी मोठ्यानेच सांगितलं.

मार्चअखेर तुमची गाडी परत येईल तेव्हा बीडवरूनच जाईल. परीक्षा एप्रिलच्या सात तारखेला सुरू होते. तू उतरायलाच हवं असं नाही. पण उतरलीस तर तुला पाठाला घेऊन जाईन. बाहेरच्या लोकांना ऐकायची मोकळीक आहे, मी सरांना विचारून ठेवलंय. त्यांनी विचारलं, "फोनवाल्या का?" मी हो म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

उद्या दुसरा दिवस. मनिषा म्हणतेय, पोत्याऐवजी सतरंजी नेऊ. लवकर झोपते.

तुझी
मोहिनी